मुलाकडचं कुणीच नाही

मंगरुळपीर,
१७ जुलै २०२३

चि. संघमित्रा हिस,
आबाचा जय भीम आणि भरभरून मंगल कामना. वि. वि.

इकडे मी ठीक आहे. उजव्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं, पण त्यातून माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. म्हणून मला फोन करू नये, पत्र लिहावं, असं मी घरोघर कळवून ठेवलं आहे. तरी तुझ्या आईनं परवा फोन केलाच. नीलम रडते आहे एवढं मला समजलं. कशासाठी, ते शेजारच्या बाळा टेलरनं फोन स्वतःच्या कानाला लावून मला ओरडून सांगितलं. त्यामुळे आता सगळ्या आळीला ठाऊक आहे की अंबादासची मुलुंडची नात मुसलमान होणार.

बाई गं, मी रागावलेलो नाही. जन्मभर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. गाडी ठरलेला रस्ता सोडून वळली की पुढे काहीतरी असतं, हे मला कळतं. एवढंच सांग, मुलगा कोण? नाव, गाव, नोकरी, घरी कोण कोण. मुलगा भला असेल तर धर्म न बदलताही कोर्टात लग्न होतं. साक्षीला मी येतो. त्याच्या घरचे अडून बसले असतील तर त्यांचा पत्ता दे, त्यांनाही सविस्तर पत्र लिहितो.

तुझा बाप काय म्हणतो? दशरथ लहानपणापासून मोठ्या प्रसंगात गप्प बसतो, ते काही मला पटत नाही.

उत्तर लौकर लिही आणि अक्षर मोठं काढ. माया आहेच, ती विचारायची गोष्ट नाही.

तुझा,
अंबादास आबा


मुलुंड,
२ ऑगस्ट २०२३

ती. आबांना,
संघमित्राचा सविनय जय भीम. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय. आता तितक्याच मोठ्या अक्षरात सांगते: मुलगा नाही.

तुमचा विश्वास बसणार नाही, कारण अजून कुणाचाच बसलेला नाही. आईनं माझा फोन तपासला. सुयोगनं भावाचं कर्तव्य म्हणून माझ्या क्लिनिकच्या खाली दोन संध्याकाळी उभं राहून पाळत ठेवली, आणि शेवटी मलाच त्याला वडापाव घेऊन द्यावा लागला. आई तर आता मनातल्या मनात त्या मुलाला पास करून बसलीय. काल म्हणाली की इंजिनिअर असेल तर निदान सांग तरी. पप्पा काहीच म्हणत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे.

झालं ते असं. देवनारला माझी एक पेशंट आहे, रुकय्याखाला. मूळच्या दापोलीकडच्या, तुमच्याच वयाच्या. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी घरी जाऊन व्यायाम करून घेते. पहिल्या दिवशी आम्ही पेशंटला विचारतो की बरं होऊन काय करायचंय. कुणी म्हणतं जिना चढायचाय, कुणी म्हणतं बाजारात जायचंय. खाला म्हणाल्या, मला सजदा करायचाय. खुर्चीवरची नमाज चालते हो, पण कपाळाला जमीन लागत नाही.

मग मला ते शिकावं लागलं. गुडघा किती वाकतो, भार कुठल्या तळव्यावर येतो, हे स्वतः केल्याशिवाय दुसऱ्याला शिकवता येत नाही. त्यांच्या शेजारी चटई टाकून मी रोज करायचे. एक दिवस कपाळ टेकलं आणि मला उठावंसंच वाटेना. खाला घाबरल्या, त्यांना वाटलं माझीच कंबर धरली. आबा, मी रडत नव्हते की मला काही दिसलंही नाही. फक्त खूप दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी वाचायला लागले, वर्ष होऊन गेलं. मगच आईला सांगितलं.

तुम्हीच आम्हाला सांगत आलात की आपण कुणाच्या धाकानं नाही, विचार करून धर्म बदलला. मीही तेच करतेय. फरक एवढाच की तुमच्या वेळी कुणी मुलगी कोण असं विचारलं नव्हतं.

कानाची काळजी घ्या. रागावलात तरी पत्र बंद करू नका.

तुमची,
मित्रा


मंगरुळपीर,
२१ ऑगस्ट २०२३

चि. संघमित्रा हिस,
जय भीम, मंगल कामना. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. मुलगा नाही हे वाचून मला मुलगा असण्यापेक्षा जास्त भीती वाटली. मुलाची समजूत घालता येते.

आता मुद्द्याचं बोलतो. माझ्या आजाला मी चालताना पाहिलेला आहे. तो सरळ उभा राहिलेला मला आठवत नाही. पाटील दिसला की वाकायचा, पाटलाचा गडी दिसला तरी वाकायचा, पुढं पुढं तर कुणी नसतानाही तसाच. माझा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि गावातून ताठ चालत गेला. आमच्या घरात धर्म बदलला म्हणजे काय झालं, तर पाठीचा कणा सरळ झाला. आणि तू, माणसांच्या पाठी सरळ करायचं शिक्षण घेतलेली माझी नात, मला लिहितेस की जमिनीला कपाळ लावून बरं वाटलं!

दुसरं, विचार करून म्हणतेस. येवल्याला घोषणा झाली तेव्हापासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षं गेली. सगळे धर्म तपासले गेले, मौलवीही येऊन भेटले होते. तू एका वर्षात कशी आटोपलीस?

दशरथाचं पत्र आलं. पोस्टकार्डावर दोन ओळी. तुम्ही बघा, म्हणतो.

पावसापाण्याचं जप. पटलं नाही तरी नात नातच राहते, हे ध्यानात ठेव.

तुझा,
आबा


मुलुंड,
१५ ऑक्टोबर २०२३

ती. आबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं म्हणणं मला झोंबलं. पणजोबांच्या बापाची पाठ माझ्या डोळ्यापुढून जात नाही. पण आबा, ते माणसापुढे वाकायचे आणि समोरचा माणूस ताठ उभा असायचा. इथे ज्याच्यापुढे वाकायचं तो दिसत नाही आणि शेजारचा माझ्याइतकाच वाकलेला असतो. विहारात तुम्हीही पंचांग प्रणाम करता. तेव्हा तुमचा कणा कुठे जातो? एकवीस वर्षांचं म्हणाल तर तोवर मी बावन्न वर्षांची होईन आणि माझाच गुडघा वाकायचा नाही.

आता गंमत ऐका. खालांच्या ओळखीच्या मौलानांकडे गेले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, निकाह कधीचा आहे? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं, ठरला नसेल, पण मुलगा कोण? मी तिथेच हसायला लागले. मग तेही हसले. म्हणाले, घाई करू नका, घरच्या रागानं तर मुळीच करू नका, आईची मर्जी सांभाळा, आणखी वाचा. आबा, मला मुसलमान करून घ्यायला मुसलमानसुद्धा तयार नाहीत. वाट लागली सगळी!

आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र फार तयारीचे. आपण इथे आलो तेव्हापासून त्यांनी आपल्या घरचं पाणी घेतलेलं नाही, कायम उपास असतो त्यांचा. परवा ते सोफ्यावर बसून दोनदा चहा प्यायले. पप्पांना म्हणाले की ही आपली मुलगी आहे, मुलाचं नाव तेवढं सांगा, बाकी आमची पोरं बघतील. सेक्रेटरी निघाल्यावर पप्पांनी दार लावलं आणि म्हणाले की आपली मुलगी व्हायला तुला मुसलमान व्हावं लागलं बघ. तीन महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

एक गोष्ट लपवत नाही, तुम्हाला आनंद होईल. मी जिथे अरबी शिकायला जाते तिथल्या एका बाईंनी मला विचारलं, मूळच्या कोण तुम्ही? मी सांगितलं. मग त्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं, तोही मुलगा नव्यानं मुसलमान झालेला. म्हणाल्या की आमच्या बिरादरीतले देणार नाहीत, पण याला तुम्ही चालाल. त्या रात्री जेवण गेलं नाही. पण सुयोगच्या बायोडेटावर आईनं काय लिहिलंय ते वाचा. मुलगी बौद्ध हवी, आणि पुढे पोटजात. पोटजात लिहिताना आपला कणा कसा होता?

तुम्ही सहा डिसेंबरला येणारच. येताना स्वेटर आणा.

तुमची,
मित्रा


मंगरुळपीर,
१८ डिसेंबर २०२३

चि. संघमित्रा हिस,
जय भीम, अनेक मंगल कामना. वि. वि.

सुखरूप पोचलो. मुलुंडला तुझ्या आईसमोर लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून इथून लिहितो.

चैत्यभूमीवरून आल्यावर तू मला देवनारला नेलंस. मी काय ठरवून आलो होतो ते तुला सांगितलं नव्हतं. तू औषधं आणायला खाली गेलीस तेव्हा मी रुकय्याबाईंना सरळ म्हणालो की माझ्या नातीला थांबवा, ती तुमचं ऐकते. त्यांनाही कमी ऐकू येतं. मला तीनदा ओरडावं लागलं, त्यामुळे ही गुप्त विनंती त्यांच्या सगळ्या मजल्यानं ऐकली. एक गृहस्थ तर आत येऊन विचारू लागले की तुम्ही मुलाकडचे का. मी म्हटलं, मुलाकडचं कुणीच नाही हो, तेच तर सगळं दुखणं आहे.

बाई काय म्हणाल्या ते ऐक. म्हणाल्या की मी वर्षभर तेच सांगतेय. तिला म्हटलं, पोरी, तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आणून मला जन्नतचा शेजार नको. पण ती माझं ऐकत नाही. फक्त माझा गुडघा तिचं ऐकतो. मी त्यांना अडवायला सांगायला गेलो आणि अडवून दमलेली बाई भेटली. आता दोन धर्मांची म्हातारी माणसं मिळून तुला थांबवू शकत नाहीत, म्हटल्यावर आणखी कुणाला बोलवायचं?

गाडीत बसल्यावर एक आठवलं. माझा बाप नागपूरला निघाला तेव्हा त्याची आई उंबऱ्यात आडवी पडली होती. देव सोडू नको म्हणून. बापानं मला खांद्यावर घेतलं आणि तिला ओलांडून तो गेला. ही गोष्ट मी किती सभांत सांगितली असेल. लोक टाळ्या वाजवतात. मी दरवेळी खांद्यावरून सांगतो. या खेपेला पहिल्यांदा मला ती उंबऱ्यातून दिसली. खाली पडून वर पाहिलं तर नातवाचे नुसते तळवे दिसले असतील तिला.

तुझं मला पटलेलं नाही. मेलो तरी पटणार नाही. पण मी उंबऱ्यात पडणार नाही. तुला कुणाला ओलांडून जायची पाळी येऊ नये. दिवस ठरला की कळव. मी बाहेर बाकावर बसेन, पण येईन.

पोटजातीचं म्हणालीस. नीलमला सांगून ती ओळ खोडली. सुयोगची काही हरकत नव्हती, त्याचं म्हणणं मुलगी पगारदार हवी.

रुकय्याबाईंना माझा आदाब. तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, झाला असता तर सोपं गेलं असतं.

तुझा,
आबा


मुलुंड,
११ फेब्रुवारी २०२४

ती. आबांना,
सविनय जय भीम, आणि आता सलामही. वि. वि.

तुम्ही वाशिमची गाडी पकडलीत आणि मी घरी आले.

तुम्ही बाकावर बसणार होता. मी कलमा म्हणायच्या आधी मौलानांनी तुम्हाला आत बोलावून माझ्या शेजारी बसवलं तेव्हा तुम्ही कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलंत, ते मी पाहिलं. मला राग आला नाही. मला बरं वाटलं की तुम्ही खोटं ऐकल्यासारखं केलं नाहीत.

नावाचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते. त्या अरबीच्या वर्गातल्या बाई चार सुंदर नावं काढून आल्या होत्या. मी म्हटलं, माझ्या आबांनी दीक्षा घेऊनही बायकोच्या हट्टानं मुलाचं नाव दशरथ ठेवलं. दशरथ नावाचा बौद्ध जन्मभर चालला, तर संघमित्रा नावाची मुसलमान का चालू नये? मौलानांनी नावाचा अर्थ विचारला. सांगितला. ते म्हणाले, जमातीची मैत्रीण, यात बदलायचं काय?

आईनं दार उघडलं, पण बोलली नाही. तिनं होणाऱ्या वहिनीसाठी म्हणून जपलेली पैठणी कपाटातून काढली होती. मुलगा नाही हे तिला आज खरं वाटलं आणि तिनं ती परत घडी करून ठेवली. सगळ्यात जास्त तिला त्या मुलाचंच वाईट वाटतंय, जो कधी नव्हताच.

मी पत्र लिहीत राहीन. तुम्हीही लिहा. हीच विनंती, हाच हट्ट.

तुमची,
संघमित्रा


मुलुंड,
१६ मार्च २०२४

ती. मामाजींना,
नीलमचा जय भीम. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण फोनवर बोललं तर बाळा टेलर सगळ्या आळीला सांगतील.

मी तिच्याशी अजून बोलत नाही. तिचे रोजे सुरू झाले आहेत. दिवसभर लोकांचे हातपाय ओढायचे आणि घोटभर पाणी नाही. मी पहिल्याच दिवशी ठरवलं, आपण काही करायचं नाही. पण पहाटे स्वयंपाकघरात भांडं वाजलं. पाहिलं तर ही कालचा कोरडा पाव खात होती. म्हणून मी भाकरी टाकते, दुसरं काही नाही. मला तसंही लौकर उठायची सवय लागली आहे. खजूर कुठला आणू, एवढंच विचारलं. ते बोलणं म्हणून धरू नका.

सेक्रेटरी आता जिन्यात तोंड फिरवतात. चहा वाचला.

तुमच्या मुलाचं सांगते. हे कामावरून येऊन पहिल्यांदा चहा मागायचे. चार-पाच दिवस झाले, मागत नाहीत. पेपर धरून गॅलरीत बसतात आणि सूर्य कुठवर आला ते बघतात. विचारलं तर म्हणतात, भूक नाही. तिनं खजूर तोंडात घातला की मग यांना भूक लागते. आणि दोघं थांबलेले असताना मी एकटी कशी जेवणार? लोक म्हणतात, कांबळ्यांच्या घरात एक मुसलमान झाली. होईना. पण मामाजी, रोजा एकटीचा आणि उपाशी आम्ही तिघं, हे कुठल्या धर्मात बसतं ते तुम्ही वाचून कळवा.

ईदला या. मी बोलावलं असं तिला सांगणार नाही, पण तुम्ही या. प्रकृतीला जपा आणि आमच्यावर जसा आहे तसा जीव राहू द्या.

तुमची सून,
नीलम