देवाच्या नावापुढची काट

ता. ३, सोमवार. उपास.
जुन्नरच्या कॉम्प्युटर क्लासचा नववा दिवस. आमच्या बचत गटाच्या हातसडीच्या तांदळाचं वेब पान रविवारच्या बैठकीत दाखवायचंय. नाही जमलं तर काम मंचरच्या फोटोवाल्याकडं. तो पानावर स्वतःचा नंबर टाकणार, म्हणजे गिऱ्हाईक त्याचं. मी करते, असं सगळ्यांसमोर मीच बोलून बसले.
शबाना मॅडमनी शिकवलं: टोकदार कंसात खूण उघडायची, मजकूर लिहायचा, मग तीच खूण तिरकी रेघ देऊन बंद करायची. डब्याला झाकण तसं. सोपं वाटलं.

ता. ४
वर मोठ्या मथळ्यात ‘श्री भीमाशंकर प्रसन्न’ लिहिलं. खाली तांदूळ, नाचणी, पत्ता. उघडून बघते तर सगळंच ठळक, धोंड्याएवढं. दोन तास वाया.

ता. ६, गुरु.
मॅडमना लगेच दिसलं. "ताई, मथळा बंदच नाय केला तुमी."
विसरले नव्हते. पण ती तिरकी रेघ म्हणजे काटच; देवाच्या नावापुढं काट कशी मारू? दिवासुद्धा आम्ही विझवला म्हणत नाही, शांत केला म्हणतो. तसं सांगितलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग देवाचा फोटो टाका. फोटोची खूण बंद करावी लागत नाय."
आमच्या ह्यांच्या मोबाइलमधला देव्हाऱ्याचा फोटो टाकला. पान सुरेख दिसलं. देवच पावला.

शनि. ८
पान पेनड्राइव्हवर घेतलं. गिरणीत गटातली रंजना भेटली. "अक्का, लई दिस लागलं राव. मंचरवाला एका दिसात करतोय." उद्या बघ म्हणावं.

रवि. ९
लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर उघडलं. देवाच्या जागी रिकामी चौकट. मला वाटलं फोटो पानातच असतो. पानात नुसतं त्याचं नाव, फोटो क्लासातच राहिला. क्लासला कुलूप. मोबाइल घेऊन हे लोणीला गेलेत. माझा बटणाचा, त्याला कॅमेरा नाही.
मॅडमना फोन केला. "देवाचं नाव नसलं तरी पान चालतंय, ताई."
चालत असेल. मी वाणसामानाची यादीसुद्धा ‘श्री’ घातल्याशिवाय लिहीत नाही.

पुन्हा हातपाय धुऊन बसले. चौकट काढली. मथळ्याची खूण उघडली, नाव लिहिलं. नावापुढं कर्सरची उभी रेघ लुकलुकतेय. काट मारली नाही तर खालचं सगळं पुन्हा धोंड्याएवढं. बैठक चारला, आमच्याच घरी.
पावणेचार. ओट्यावर रंजनाचा आवाज.