फरशी पुलापलीकडे थांबलेली निळी गाडी

इस्लामपूर,
१८ जून २०२४

तीर्थरूप दादास,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

मी पत्र लिहायला बसले की आमच्या घरात सगळे हसतात. पण कान गेल्यापासून फोन लावला तरी मला नुसती गुणगुण ऐकू येते, आणि तुला मोबाइलवर चार अक्षरं टाइप करायचा कंटाळा. तेव्हा आपलं बोलणं हे असं पोस्टमनच्या पिशवीतनंच. राग न धरता वाच.

परवा विश्वजितचा पठाणकोटहून मेसेज आला. वहिनीचं डायलिसिस आता आठवड्यातनं दोनदा करावं लागतंय, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी तू तिला त्याच निळ्या गाडीतनं घाट उतरून साताऱ्याला नेतोस म्हणे. लेकानं लिहिलंय, आत्या, तुम्ही तरी बाबांना सांगा, नवी गाडी बुक करतो म्हटलं की ते फोन ठेवून देतात. दादा, ती गाडी घेतलीस तेव्हा विश्वजित शाळेत जात होता, आता त्याचा मुलगा जातोय. उन्हाळ्यात ती चालते, कबूल. पण गेल्या गणपतीत भर पावसात आमच्याकडं येताना कराडपर्यंत किती वेळा थांबलात, ते वहिनीनं मला खुणा करून सांगितलं होतं. तू मात्र चहा प्यायला थांबलो होतो म्हणून ठोकून दिलंस.

आमच्या घरापासनं दवाखाना रिक्षानं जवळ आहे. तिथं डायलिसिसची सोय आहे, ह्यांनी चौकशी केली. पावसाळाभर तुम्ही दोघं इकडं या. माडीवरची खोली झाडून-पुसून ठेवलीय. दादांना लिही, असं ह्यांनीच मला सांगितलं.

माया आहे तशीच ठेव. आणि नाही म्हणायचं असेल, तर आधी वहिनीला विचार आणि मग म्हण.

तुझी,
संयोगिता

*

केळघर घाट,
२ जुलै २०२४

चि. सौ. संयोगितास,
लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ओलं होऊन आलं. चुलीजवळ वाळवून वाचलं. इकडं पावसानं नुसता उच्छाद मांडलाय. स्ट्रॉबेरीच्या रोपांवर टाकलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं दोनदा उडाला. बाकी सगळं ठीक. राहीला जेवण जातं, पण मीठ बंद केल्यामुळं ती मला जेलर म्हणते.

गाडीचं म्हणशील, तर मी फौजेत जन्मभर गाड्याच चालवल्या. बर्फात चालवल्या, वाळूत चालवल्या. या गाडीचं दुखणं मला ठाऊक आहे. जोराच्या सरीत बोनेटच्या फटीतनं पाणी आत जातं, प्लगच्या वायरी भिजतात, मग इंजिन मिसिंग मारतं आणि बंद पडतं. उतरून वायरी कोरड्या फडक्यानं पुसल्या की झालं. आता मी वायरींवर सायकलची ट्यूब कापून चढवलीय. नवी गाडी बंद पडली, तर कंपनीचा माणूस येईस्तोवर रस्त्यात बसा. हिच्यासाठी मी आहे.

राहता राहिलं तिकडं येण्याचं. बहिणीकडं पाव्हण्यासारखं जावं, साडी द्यावी, दोन घास खावेत आणि निघावं. आजारी बायकोसकट महिनोन्महिने बहिणीच्या दारात राहायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. नाथाजीराव मोठ्या मनाचे आहेत, पण त्यांच्या भावकीची तोंडं कोण बांधणार? तू साठीला आलीस तरी लहानच. तुला हे कळायचं नाही.

पोरांना आशीर्वाद, नाथाजीरावांना रामराम. आमची काळजी थोडी कमी कर आणि आठवण तेवढी राहू दे.

तुझा दादा,
लालासाहेब

वन्सं, राहीचा नमस्कार. ह्यांच्या समोर बसूनच लिहितेय, चोरून न्हाई. कागदाची खालची जागा मागून घेतली. गाडी परवा तीनदा बंद पडली, त्ये ह्यांनी लिहिलं न्हाई. यंत्रावरनं उठलं की माझे पाय कापसाचे हुतात. त्यात वाटंत गाडी उभी राहिली की जीव नुसता वरखाली हुतो. तुमची खोली मला आवडंल. पण ह्यांच्यासंगं भांडायची ताकद आता उरली न्हाई. तुमी भांडा.

*

इस्लामपूर,
१५ जुलै २०२४

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीनं सांगितलंय, म्हणून भांडते.

मला मेंदूचा ताप आला आणि कान गेले, तेव्हा तू रजा काढून आलास. सांगलीच्या दवाखान्यात दिवसभर माझ्या उशाशी बसायचास आणि रात्री जेवायला-झोपायला आमच्या घरी यायचास. महिनाभर. तेव्हा ह्यांची भावकी कुठं होती रे? तेव्हा आजारी बहीण होती म्हणून चाललं, आता आजारी बायको आहे म्हणून चालत नाही, हा कुठला न्याय?

रविवारी हे गाडी घेऊन तुम्हाला आणायला निघाले होते. मी डबाही भरला होता. तर तू फोन करून ह्यांना नको म्हणालास. का, ते ह्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं. पुढच्या महिन्यात बघू, म्हणालास म्हणे. दादा, पाऊस आत्ता आहे. मी डबा शेजारी देऊन टाकला आणि त्या दिवशी जेवले नाही.

तुला गाडीतलं कळतं, यात मला शंका नाही. पण वहिनीला काय होतंय, ते तू तिला विचारतोस का?

जास्त लिहीत नाही. रागावलास तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी,
संयोगिता

*

सातारा, दवाखाना
२९ जुलै २०२४

सौ. संयोगितावन्संना,
राहीचा सप्रेम नमस्कार.

मी हिथं भरती हाय, पण आता बरी हाय. पहिल्यांदा येवढं वाचा आणि मग फुडचं वाचा.

मंगळवारी घाटात झाड पडलं म्हणून आमचं जाणं चुकलं. पाय सुजले, दम लागाय लागला. म्हणून शुक्रवारी कसंबी करून निघायचंच हुतं. पाऊस असा, की वायपर फिरतोय का न्हाई त्ये कळंना. खालच्या फरशी पुलावरनं पाणी वाहत हुतं. ह्ये म्हणाले, एवढ्यातनं जाती आपली. गेली बी. पण पलीकडं चढाला लागली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

ह्यांनी उतरून वायरी पुसल्या, सेल्फ मारला. परत पुसल्या, परत मारला. तेवढ्यात मागनं दुधाचा टेम्पो आला. आपल्या खालच्या वाडीचा केरबा. तो उतरून म्हणाला, काकीला माझ्या गाडीत बसवा, सातारला दवाखान्याच्या दारात सोडतो. ह्ये म्हणाले, दोन मिनिटं थांब, आता लागंलच ही. केरबा थांबला. त्यानं परत इचारलं. ह्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. फुडं रस्ता बंद हुईल म्हणून तो बी निघून गेला.

वन्सं, मी तवा तोंड उघडलं न्हाई. गाडीतलं ह्यांना कळतं, असं धरूनच सगळा जन्म काढला. तिथं काय बोलू?

त्यानंतर मागं पाणी चढलं आणि वाहनं बंद झाली. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. माझा श्वास पुरंना. पडलं की जास्तच कोंडायचं, म्हणून दाराची कडी धरून ताठ बसून राहिले. ह्ये काचंवर हात ठेवून माझं नाव घेत हुते. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला नावानं कवा हाक मारली न्हवती.

शेवटी फुडनं, मेढ्याच्या बाजूनं, एक पिकअप आली. जतकडचा बिराप्पा म्हणून धनगर, शेरडं घेऊन चालला हुता. पुलावर पाणी बघून त्यानं गाडी वळवायला घेतली, तवा आमी दिसलो. त्यानं काय इचारलं न्हाई. मला उचलून फुडं बसवलं आणि आल्या वाटंनं माघारी सातारला काढली. ह्ये मागं शेरडांत, भर पावसात उभं. वाटंत मी बेसुद्ध झाले म्हणतात. हिथली डॉक्टरीण बाई ह्यांच्यावर लय चिडली. आणखी उशीर झाला असता तर आणूच नका म्हणाले असते, असं बोलली. ह्ये मान खाली घालून उभं हुते. तवापासनं माझ्याशी धड बोलले न्हाईत. औषध आणतात, पाणी देतात, बाहेर जाऊन बसतात.

मी ठरवलंय. हितनं घरी जायाचं न्हाई. नाथाजीरावांना पाठवून द्या, मी तुमच्याकडं येते. ह्यांना मी तोंडावर सांगितलं, तुमी यायचं का न्हाई त्ये तुमचं तुमी बघा, मी त्या गाडीत परत बसणार न्हाई. ह्ये नुसतं बरं म्हणाले.

तुमच्या जिवाभावाची,
राही

*

केळघर घाट,
१२ ऑगस्ट २०२४

सौ. राहीस,

मायना काय लिहावा, याच्यावर बराच वेळ गेला. फौजेतनं मी एवढी पत्रं लिहिली, पण सगळी आबांच्या नावानं. आबा ती ओसरीवर मोठ्यानं वाचायचे आणि तू आतनं ऐकायचीस. ‘घरात सर्वांना सांगणे’ असं शेवटी लिहायचो, त्यात तू आलीस. तुझ्या एकटीच्या नावाचं हे पहिलंच पत्र.

केरबानं दोर बांधून गाडी वर आणून दिली. परवा जरा ऊन पडलं. बॅटरी चार्ज करून सेल्फ मारला, तर पहिल्या झटक्याला सुरू झाली. पुलापलीकडं बंद पडली तेव्हाही तिचा एवढा राग आला नव्हता. किल्ली काढली आणि मागच्या सीटवर, तुझ्या जागी जाऊन बसलो. तिथनं समोर नुसतं उघडं बोनेट दिसतं. त्याच्या पलीकडं उभा असलेला माणूस दिसत नाही.

केरबाबरोबर तुला का पाठवलं नाही, हे मी रोज स्वतःला विचारतो. गाडी सुरू होणार नाही, हे मला दुसऱ्यांदा सेल्फ मारला तेव्हाच कळलं होतं. पण तुला दुसऱ्या कुणी पोचवावं, हे मला सोसलं नाही. एवढंच कारण. याहून मोठं कारण सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

विश्वजितला फोन करून सांगितलं, की ही गाडी आता रानाच्या कामापुरती, घाटाखाली न्यायची नाही. तो रडला बहुतेक.

घरात भाकरी जमते, पण एकट्याला दोन जास्तच होतात. मी तिकडं येऊ का? संयोगिताला विचारत नाही, नाथाजीरावांनाही नाही. ते या म्हणतील, ठाऊक आहे. तुला विचारतो. तू नको म्हणालीस तर पाऊस संपेस्तोवर इथंच राहीन, आणि त्याचा राग मानणार नाही.

तब्येतीला जप. उत्तराची वाट बघतो.

लालासाहेब

*

इस्लामपूर,
१७ ऑगस्ट २०२४

सा. न. वि. वि.

पत्र पावलं. वन्संनी फोडलं न्हाई, तसंच माझ्या हातात दिलं आणि खोलीचं दार ओढून गेल्या. मी एकटीनं वाचलं.

राग गेला का म्हणाल, तर न्हाई. दम लागला की तो पूल आठवतो. तुमी आलात म्हणून राग लगेच जाईल, असंबी न्हाई. पण तुमी हिथं असताना राग धरणं मला सोपं पडंल. तिकडं तुमी एकटं आणि हिकडं माझा राग, ह्ये काय मला झेपंना.

या. मेढ्यातनं सकाळची एस.टी. धरा, साताऱ्यात बदला. रेनकोट आणा, मागची शिवण उसवलीय, मी घालून देते. गुरुवारी पोचा, म्हणजे शुक्रवारी माझ्यासंगं दवाखान्यात याल. यंत्र लावलं की चार तास नुसतं शेजारी बसायचं असतं. तिथं तुमाला दुरुस्त करण्यासारखं काय न्हाई. नुसतं बसायचं. जमंल ना?

वाट बघणारी,
राही