त्रेस पुमासला जायचं नाही

३ जुलै
सान्तियागोत जुलै म्हणजे हिवाळा, शाळांना सुट्टी. पिएद्रा ब्लांकाला जायचं की शेजारच्या त्रेस पुमासला? प्रश्नच नाही. पिएद्रा ब्लांका. स्की मी तिथेच शिकलो. (दीड दिवस. पण शिकलो.) दोन्ही डोंगर समोरासमोर, मध्ये दरी. घाटातल्या फाट्यावर डावीकडे शहाणे वळतात, उजवीकडे बाकीचे.
रायेनला पहिल्यांदा बर्फावर मीच उभी करणार. पोरगी अकरा वर्षांची झाली, बापाचा तेवढा हक्क आहे.

५ जुलै
घरात मतदान घेतलं. बायको मारित्सा: त्रेस पुमास. रायेन: त्रेस पुमास, कारण मामा तिथे जातोय. मी: पिएद्रा ब्लांका. निकाल: पिएद्रा ब्लांका. मारित्सा म्हणाली, मग आम्हाला विचारलंस कशाला? तिला लोकशाही कळत नाही.

८ जुलै
मेहुणा गास्तोन जेवायला. खिमा भरलेल्या माझ्या चार एम्पानादा हाणल्या आणि म्हणतो, दाजी, तुमच्या पिएद्रा ब्लांकाला लिफ्ट आहे की अजून खेचर? सगळे हसले. रायेनसुद्धा. लक्षात ठेवलंय.
आणि बोलतंय कोण! गेल्या वर्षी घाटाची वेळ चुकलेला माणूस. दुपारी दोनपर्यंत गाड्या वर जाऊ देतात, दोननंतर फक्त खाली. सान्तियागोतलं शेंबडं पोरही सांगेल. ह्याला पोलिसांनी फाट्यावरून घरी पाठवला. मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो.

९ जुलै
आजपासून रोज उठाबशा. गुडघा दुखला. उद्यापासून.

१४ जुलै, पिएद्रा ब्लांका
मी एकटा पुढे आलो, खोली गरम करून ठेवायला. मारित्सा आणि रायेन उद्या गास्तोनच्या गाडीतून येतील. मारित्साने स्वतःच सुचवलं. गोड वागली. लोकशाही पटली असावी.

१५ जुलै, सकाळ
रायेनचा मेसेज. बाबा, आम्ही त्रेस पुमासला आलो, मामाने खोली कधीच घेऊन ठेवली होती, रागावू नकोस ना.
कधीच! म्हणजे माझ्या एम्पानादा खाताना ठरलेलं होतं. सख्ख्या बायकोने केसाने गळा कापला.
इथली मोठी लिफ्ट बंद आहे. ते महत्त्वाचं नाही.

१५ जुलै, दुपार
दरीपलीकडे रायेनची लाल टोपी दिसतेय. मीच घेतलेली. गास्तोन हात धरून शिकवतोय. सगळं चुकीचं. पडली. उठली. मग त्याने हात सोडला आणि ती एकटी, सरळ, खालपर्यंत गेली. मी टाळ्या वाजवल्या. चहावाली बघत राहिली.
ठरवलं, सगळ्यांना माफ करायचं. आत्ताच तिकडे जाणार. उरलेलं मीच शिकवीन. आधी जेवतो, भाड्यात धरलेलं आहे.

१५ जुलै, संध्याकाळ, सान्तियागो
जेवण सावकाश झालं. बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या चढवायला वेळ लागला. फाट्यावर पोलीस म्हणाला, साहेब, दोन वाजून गेले, आता वर नाही, फक्त खाली. म्हटलं, माझी मुलगी आहे वर, ती बघा, इथून डोंगर दिसतोय. तो म्हणाला, उद्या सकाळी या. मागे हॉर्न सुरू झाले. खाली आलो. खाली म्हणजे थेट घरीच.
घर थंडगार. फार वाईट वाटतंय.
रायेनचा फोन आला. बाबा, मी एकटी गेले, पडले नाही, पाहिलंस? म्हटलं, पाहिलं. मग आला का नाहीस? तिच्यामागे गास्तोनचं हसू ऐकू येत होतं. म्हटलं, इथला बर्फ इतका छान आहे, सोडवेना बघ.
बरं, म्हणाली. आणि फोन मामाकडे दिला.