शेंदराखालच्या सात ओळी

॥ श्रीलक्ष्मीनारायणाच्या कृपेची सावली या अक्षरांवर असो ॥

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
फाल्गुन वद्य पंचमी, शके १९०८

विद्वद्वर्य प्राध्यापक धोंडिरामपंत यांस, पाठशाळेत एका पंक्तीला बसून आमटी भुरकलेल्या राजारामाचा सादर नमस्कार. इकडील सर्व क्षेम. आपला गुडघा व आपली सून ही दोन्ही आता नरमली असतील, अशी आशा आहे.

विषय आपणास ठाऊक आहे. माझी धाकटी क्षमा आपल्या मार्गदर्शनाखाली पुरातत्त्वाचा प्रबंध लिहीत आहे. तिचे चौथे प्रकरण आपण ‘बिल्डरच्या पैशाने खणलेला खड्डा हा खड्डाच, त्यास उत्खनन म्हणत नाहीत’ असा शेरा मारून परत केलेत. शिवाय शिलालेखाचा ठसा कोठे आहे, असेही विचारलेत. एकतीस मार्चला तिच्या नोंदणीची मुदत संपते. प्रकरण मान्य झाले नाही, तर मुलीचे चार वर्षांचे श्रम पाण्यात जातील. माझे नम्र मत असे की विद्या कोणाच्या हातून आली हे पाहू नये (आपणही धातुरूपे माझ्याच पाटीवरून उतरवीत होतात, आणि तरीही ती आपणास आली).

आमच्या सेक्टरमागे चार इमारतींचा पाया खणण्याआधी चंद्रप्रकाश शेठ यांनी क्षमाला पगारी नेमले, ते विद्येच्या प्रेमाने नव्हे, हे मी मान्य करतो. त्यांना जाहिरातीच्या पत्रकात ‘प्राचीन भूमीवर टू-रूम किचन’ असे छापायचे होते. तिसऱ्याच दिवशी ते म्हणाले, “मॅडम, बारावं शतक ठीक आहे, पण आठवं बसतं का बघा ना. जुना माल लवकर खपतो.” क्षमा म्हणाली, “शेठ, शतक आहे तेवढंच आहे. त्यात कमी-जास्त होत नाही.” “मग निदान राजवाडा तरी लिहा,” शेठ म्हणाले. तिने लिहिला नाही. तिने मातीचे थर मोजले, दीडशे खापऱ्यांवर क्रमांक घातले आणि नवव्या दिवशी पाच फुटांवर कमरेइतकी एक शिळा लागली. वर सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरांच्या सात ओळी, खाली एक चतुष्पाद. विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहिली असती, तर त्या जागी आज पाण्याची टाकी असती.

शिळा दिसताच मुकादम लवू (मूळचा मालवणकडचा, गिरणी सुटल्यापासून बांधकामावर असतो) कुदळ टाकून उभा राहिला. “बाई, ह्यो देव आसा. आता हयसर कुदळ लागूची नाय.” क्षमा म्हणाली, “लवूकाका, हा देव नाही. जमिनीचा कागद आहे, दगडावर लिहिलेला.” “मग तर हातच लावूचो नाय,” लवू म्हणाला. “कागदापायीच आमचा गावचा घर गेला.”

काम थांबले. शेठ घायकुतीला आले. क्षमा ठशाचा कागद आणायला दादरला गेली, आणि ती परतेपर्यंत कोणा भाविकाने शिळेला नखशिखान्त तेलशेंदूर लावला. सातही ओळी बुजल्या. शेठनी नारळ फोडून फाटकाशी घुमटी बांधली, शिळा तीत बसवली, आणि दर शनिवारी शेंदराचा नवा हात देण्याचे व्रत मजुरांनी घेतले. सहा महिन्यांत देवाने चांगलेच बाळसे धरले आहे. ‘ठसा घेण्यात माझी हयगय झाली’ असे क्षमाने आपणास लिहिले, ते या प्रसंगाविषयी. तरी प्रकरणाचा फेरविचार व्हावा, ही विनंती.

आपला,
राजाराम

ता. क. वर ‘कोणा भाविकाने’ असे लिहिले आहे. तो भाविक मी. मजुरांची समजूत घालावी म्हणून क्षमानेच मला तेथे बसवून ठेवले होते. शिळेवर घोडा दिसला, तो मी देवाचे वाहन समजलो आणि माझा हात आवरला नाही. मुलीने दोष स्वतःकडे घेतला. तेव्हापासून ती माझ्याशी पंचांगापुरतेच बोलते.

आणखी एक. तो घोडा नव्हे, गर्दभ आहे. दान दिलेली जमीन जो बळकावील, त्याच्या कुळाला गर्दभावरून अभद्र शिवी व शाप देणारी ही शिळा, गधेगाळ. गर्दभ तेथे नेमके काय करीत आहे, असे मी क्षमाला विचारले. तिने एका ग्रंथाचे पान उघडून माझ्यासमोर ठेवले आणि स्वतः कणीक मळायला गेली. शेठ सहकुटुंब त्याचीच आरती करतात. त्यांना सांगण्याचे धैर्य मला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. गेल्या शनिवारी शेंदराचा तळहाताएवढा पापुद्रा आपोआप सुटून पडला. त्याच्या आतल्या बाजूला अक्षरे उलटी उमटली आहेत, इतकी स्वच्छ की कुटुंबाच्या आरशासमोर धरून मी दीड ओळ वाचली. क्षमाने तो पापुद्रा उजेडाकडे धरला व ती म्हणाली, “बाबा, कागदावर इतकं चांगलं आलं नसतं.” उरलेली खोळ उतरवू देण्यास लवू व मंडळी एका अटीवर राजी आहेत: ते काम शास्त्र जाणणाऱ्या आचार्यानेच सोवळे नेसून करावे. मी आपले नाव सांगून बसलो आहे. येत्या रविवारी सकाळी यावे. टॅक्सी, भोजन व दक्षिणा शेठकडून आहे. दक्षिणा नाकारू नये. नाकारल्यास मजूर आपणास आचार्य मानणार नाहीत.

हे पत्र जो वाचील, जो दुसऱ्यास वाचून दाखवील, आणि जो अर्ध्यावर ठेवून जेवायला उठेल, त्या सर्वांस आयुरारोग्य लाभो, आणि त्यांच्या सातबाऱ्यावर कोणत्याही चतुष्पादाची दृष्टी न पडो. शुभं भवतु.