मागचं फाटक

७ ऑक्टोबर, झरी जामणी

रविवारच्या पुरवणीसाठी रडारचा डोंगर. पुरवणी बघणाऱ्या कपिलला शुक्रवारी सहापर्यंत सहाशे शब्द हवेत. वर फोटोला बंदी, म्हणून फोटोग्राफर मुजफ्फरनं खालूनच काढले, मग दोघं वर गेलो. पांढरा घुमट, भोवती सागाचं रान, दूर पैनगंगेची रेघ. सुंदर आहे — पण सुंदर दोनशे शब्दांत संपतं!

मागे तारेच्या कुंपणात एक लहान फाटक. पहाऱ्यावर बाबूसिंग. खालच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, रामीबाई त्याला विचारत होती, "औंदाही उघडशीन ना रे बाबू?"

पोडाचा देव आता तारेच्या आत आहे. ज्वारीचं पहिलं कणीस त्याला वाहिल्याशिवाय पोडावर कुणी नवा दाणा खात नाही. म्हणून बाबूसिंग वर्षातून एकदा, पंधरा मिनिटं, फाटक उघडतो.

"लिहू नका बाप्पा," तो मला म्हणाला. "चार महिन्यानं रिटायर होऊन राह्यलो."

नाही लिहिणार, म्हणालो.

१० ऑक्टोबर

लिहिलं. त्याशिवाय लेख उभाच राहीना! नाव गाळलं — 'एक हवालदार', एवढंच. पण बावीस वर्षांची सवय: छापण्याआधी खात्री. रडारच्या कार्यालयात फोन केला. मागच्या फाटकावरचे बाबूसिंग हवालदारच ना? "हो. का?" म्हटलं, कोलामांना देवासाठी फाटक उघडून देतात, चांगला माणूस. पलीकडच्या साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं.

पाच पन्नासला लेख पाठवला.

१२ ऑक्टोबर

ऐनवेळी जाहिरात आली, कपिलनं शेवटचा परिच्छेद उडवला. फाटकाचाच! आधी राग आला, मग हायसं वाटलं. दिलेला शब्द आपोआप पाळला गेला.

१८ ऑक्टोबर

फाटक वेल्डिंग करून बंद. बाबूसिंगची चौकशी सुरू. छापलं तर काहीच नव्हतं — मग बोललं कोण? तिथं बाहेरचे आम्ही दोघंच होतो. मुजफ्फरला विचारलं.

"भाऊ, अम्मीची कसम. मी कायले सांगू?"

जास्तच जोरात बोलला. कपिलला सांगून टाकलं, पुढच्या वेळी दुसरा फोटोग्राफर बघ.

१९ ऑक्टोबर

मुजफ्फरचे चार फोन. उचलले नाहीत.

२ नोव्हेंबर

पोडावर गेलो. ज्वारी घरात आली, तरी चुलीवर रेशनचा तांदूळ. तोही संपत आलाय. रामीबाई तीनदा तारेपाशी जाऊन आली. तेच कणीस पदरात बांधलेलं, अर्धे दाणे गळालेले.

"कोनं सांगतलं त्याईले?"

"आमच्या फोटोवाल्यानं."

"त्याच्या घरी चूल नाही का?" मग म्हणाली, "तू पेपरवाला हायेस बापू. तुयं आयकतीन. मले आत नोका घेऊ म्हना. कनीस तेवढं देवापाशी ठेवा."

उद्या फोन करतो, म्हणालो.

३ नोव्हेंबर

केला. साहेबांनी आवाज ओळखला. "अरे, आप! तुमच्या त्या फोनमुळेच तर कळलं. नाहीतर बाबूसिंग तसाच रिटायर झाला असता!" आभाराचं पत्र पाठवतायत. मी धन्यवाद म्हणालो.

कणसाचं विचारायचं राहिलं.