काचेवर वाळत घातलेला पगार

ती. ताईस,

कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (पायांपर्यंतच वाकलो असतो, पण उजवा खांदा अजून खाली जातो एका वेळी आणि वर येतो दुसऱ्याच वेळी. तेव्हा उरलेला नमस्कार पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी कानाचं यंत्र कानात घालायला लागले, की ते अजून डबीतच आहे आणि घरात "काय म्हणालीस?" चालू आहे? मी ठीक आहे. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

तुझा निरोप मिळाला. महिना झाला, आता वन्संना परत पाठवून दे, नणंदेला भावाच्या हाताखाली काचा पुसायला लावल्या म्हणून लोक मला नावं ठेवतील, असं तू कळवलंस. पाठवतो. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय? (लगेच यादी करायला बसू नकोस.) फक्त त्याआधी या महिन्यात काय काय झालं ते ऐकून घे, म्हणजे त्या घरी आल्यावर तुला वेगळंच काही सांगतील तेव्हा तुझ्यापाशी माझी बाजूही असेल.

माणूस ठेव, माणूस ठेव, हा धोशा तूच लावला होतास. खांदा दुखायला लागल्यापासून वरच्या काचा मला होईनात, आणि एकट्यानेच शिडी धरायची आणि एकट्यानेच चढायचं हे गणित कोणत्याही वयात अवघडच. म्हणून मी वाण्याच्या दुकानाबाहेर पाटी लावली. पहिला उमेदवार आला, त्याने शिडीकडे खालून वर पाहिलं आणि जमिनीवर उभ्या उभ्याच त्याला घेरी आली. त्याला मी लिंबूपाणी पाजून घरी सोडून आलो. दुसऱ्याने सगळं काम शांतपणे समजून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "मग मी बसायचं कुठे?" तो अजून कधीकधी रस्त्यात भेटतो आणि मी शिडीवर असलो की खालून "चालू द्या" म्हणून जातो.

तेवढ्यात तू नणंदेला धाडलंस. चार दिवस तुझ्या हाताशी येतील, त्यांनाही तेवढाच बदल, असं तू म्हणालीस. बदल नक्की कुणाला हवा होता हे मला कळत नाही असं समजू नकोस. जन्मभर मुलींचं वसतिगृह सांभाळलेली बाई, ते बंद पडल्यावर तुझ्या स्वयंपाकघरात उतरली, तेव्हा तुझ्या डब्यांवर काय प्रसंग गुदरला असेल ते मी माझ्या फडक्यांवरून ओळखलं. आल्या दिवशीच त्यांनी माझ्या फडक्यांचे तीन ढीग केले. एक काचेचा, एक चौकटीचा आणि एक टाकून द्यायचा. तिसऱ्या ढिगात माझं सगळ्यात लाडकं फडकं होतं. (रात्री कचऱ्यातून काढून आणलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कचऱ्यात होतं.)

पण खरी अडचण फडक्यांची नव्हती. तूच सांग, सख्ख्या बहिणीच्या नणंदेला हुकूम कसा सोडायचा? लहानपणापासून आपल्याला शिकवलंय, बहिणीच्या सासरचं माणूस आलं की खुर्ची पुढे करायची. इथे मला शिडी पुढे करायची होती. पहिल्या दिवशी मालक या नात्याने मी दोन्ही बादल्या उचलल्या, शिडी काखोटीला मारली, आणि नोकर या नात्याने त्या माझ्यामागून हात हलवत आल्या. काचेशी पोचल्यावर मी म्हणालो, "आपली काही हरकत नसेल, आणि ऊन लागत नसेल, तर ही डावीकडची जरा आपण..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वसतिगृहात उशिरा परतलेल्या मुलीकडे पाहत असतील तसं. म्हणाल्या, "पुसू की नको, ते एकदा सांगा. काच वाळून चाललीय." त्या दिवसापासून मी त्यांना रेक्टरबाई म्हणतो. त्या मला मालक म्हणतात, पण असं की ऐकणाऱ्याला कोण मालक ते बरोबर कळावं.

आता मुख्य तक्रार. ताई, आमच्या धंद्यात एक नेम असतो, निदान माझा तरी आहे. काच बघायची, काचेपलीकडचं बघायचं नाही. आत कोणी जेवत असतं, कोणी भांडत असतं, कोणी नुसतंच भिंतीकडे बघत बसलेलं असतं. आपण मान खाली घालायची, साबणाचं पाणी मारायचं, वायपर ओढायचा, कडा पुसायच्या आणि पुढच्या खिडकीशी जायचं. इतकी वर्षं मी असंच केलं. आपलं काम चांगलं झालं याची खूणच ही की तिथे काही दिसू नये, काचही नाही आणि आपणही नाही. मला त्याचा अभिमान होता.

रेक्टरबाई आत बघतात. नुसत्या बघत नाहीत, हात हलवतात! दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात खुर्चीवर आ वासून पडलेल्या माणसाला त्यांनी बाहेरून खूण केली, घाबरू नका, झालंच आता. तो हसला. तोंडात डॉक्टरांची दोन बोटं असताना हसला. डॉक्टर बोट झाडत बाहेर आले आणि साहजिकच मला बोलले, कारण मालक मी. मी त्यांची माफी मागितली आणि रेक्टरबाईंना समज द्यायचं ठरवलं. वाक्य पाठसुद्धा केलं. पण पुढच्या खेपेला डॉक्टरांनीच विचारलं, त्या बाई आज कुठे आहेत, पेशंट विचारताहेत. मग ती समज तशीच राहून गेली.

त्यानंतर कोपऱ्यावरच्या घराची गोष्ट. तळमजल्यावर मोठी खिडकी आहे, ती मी वर्षानुवर्षं पुसतोय. तिच्या चौकटीचा कुठला टवका कधी उडाला ते मला सांगता येईल. आत कोण राहतं ते मात्र सांगता आलं नसतं. पैसे त्यांची सून महिन्याच्या महिन्याला दारात देते. रेक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी काचेवर टकटक केलं. आत खुर्चीत एक आजी होत्या. दोघींच्या काचेतूनच खाणाखुणा सुरू झाल्या: गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, पाय कसा आहे. मग आजींनी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. "हे कोण?"

ताई, मला ते लागलं. इतकी वर्षं दर महिन्याला मी त्या बाईंपासून हातभर अंतरावर उभा राहत आलो, मध्ये फक्त काच, आणि ती काचही मी इतकी स्वच्छ ठेवलेली. मी कोण, हे विचारायची पाळी त्यांच्यावर यायला नको होती. पण त्यांना तरी काय बोलणार? नेम माझाच होता. त्या दिवशी मी पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिलो. रेक्टरबाईंनी दोनदा विचारलं, खांदा दुखतोय का. मी हो म्हणालो.

मग आली पगाराची तारीख. हसू नकोस, पण कुणाला पगार देण्याची माझी ही पहिलीच वेळ. आदल्या दिवसापासून एकच प्रश्न. पाकीट कसं द्यायचं? एका हाताने दिलं तर उद्धटपणा, दोन्ही हातांनी दिलं तर सत्कार. शिवाय ठरल्याइतकेच पैसे बहिणीच्या नणंदेच्या हातावर टेकवायचे हे मनाला पटेना, म्हणून मी त्यात थोडी भर घातली. पाकीट ॲप्रनच्या खिशात ठेवलं आणि योग्य क्षणाची वाट बघत राहिलो. योग्य क्षण येईना. चष्म्याच्या दुकानाशी मी बादलीवर वाकलो, तेव्हा पाकीट कंटाळून आपण होऊनच साबणाच्या पाण्यात गेलं.

मी हाय खाऊन उभा. रेक्टरबाईंनी शांतपणे बाही वर केली, पाकीट बाहेर काढलं, नोटा सुट्या केल्या आणि एकेक करून चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर चिकटवायला सुरुवात केली. ओला कागद काचेला घट्ट बसतो, वाळला की सुटतो, वसतिगृहात भिजलेली किती हॉल तिकिटं अशीच वाळवलीत, असं म्हणाल्या. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये भर उन्हात पगार. लोक थांबायला लागले. कुणीतरी विचारलं, चष्म्यावर ही नवी योजना आहे का. दुकानदार बाहेर आला तो रागावून, पण गर्दी बघून आत गेला आणि केस नीट करून परत आला. त्या दिवशी त्याचे तीन चष्मे खपले.

तेवढ्यात रेक्टरबाई थांबल्या. काचेवरच्या नोटांकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "हे जास्त आहेत."

मी म्हणालो, "असू द्या हो. तुम्ही ताईच्या घरच्या."

"म्हणजे हा पगार आहे की आहेर?"

मी बादलीकडे बघितलं. त्यांनी जास्तीच्या नोटा काचेवरून सोलून काढल्या आणि माझ्या बाजूला नेऊन चिकटवल्या. मग माझ्याकडे न बघता, वायपर झटकत म्हणाल्या, "वसतिगृहाने मला जाताना घड्याळ दिलं. मोठं भिंतीवरचं घड्याळ आणि तीन भाषणं. आहेर देऊन माणसाला निरोप देतात, मालक. पगार देतात तो उद्या परत या म्हणून. मला पगार हवाय."

आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण वायपर त्यांनी कोरड्याच काचेवरून ओढला. रेक्टरबाईंच्या हातून अशी चूक मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. तेव्हा कुठे मला कळलं. इतके दिवस मी यांना मान देत होतो, आणि मान त्यांना घरोघर मिळतच होता. तुझ्याकडेही मिळतो. चांगल्या खुर्चीवर बसवतेस, आयता चहा देतेस, डब्यांच्या त्या प्रसंगापासून कशाला हात लावू देत नाहीस. त्यांना नको होती ती नेमकी ती खुर्ची.

नोटा वाळल्या. ठरलेले पैसे मी त्यांच्या हातात दिले, एकाच हाताने. त्यांनी ते कनवटीला लावले आणि विचारलं, "उद्या किती वाजता?" माझ्या खिशात तुझ्या निरोपाची चिठ्ठी होती. मी म्हणालो, "आठ."

असो. तू मोठी आहेस, तुझा शब्द मला मोडवत नाही. शनिवारच्या गाडीत त्यांना बसवून देतो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. शनिवारच्या गाडीला जागा नाही असं ऐकतो. पुढच्या शनिवारीही बहुधा नसेल.

ता.क. दुसरा. मी चौकशी केलेली नाही. ताई, त्यांना बोलावू नकोस. लोक नावं ठेवतील त्यांना माझ्याकडे पाठव, आम्ही दोघं त्यांच्या काचा पुसून देऊ. आणि रेक्टरबाईंना तू आपणहून लिही, की इकडे सगळं ठीक आहे, तुमची घाई नाही. मी सांगितलं असं मात्र लिहू नकोस. त्यांना समोरासमोर "राहा" म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही, "आठ" एवढंच म्हणता आलं.

ता.क. तिसरा, अक्षर वेगळं आहे ते ओळखलंच असेल. वहिनी, पाकीट डकवून टपालात टाका म्हणून मालकांनी माझ्याकडे दिलं. उघडं दिलं, म्हणून वाचलं. त्यांना म्हणावं, आठ म्हणजे आठ, सव्वाआठ नाही. दोन्ही बादल्या त्यांनी उचलल्या हे खोटं आहे, एक मी उचलली होती. शनिवारी मला यायला जमणार नाही, शनिवारी दाताचा दवाखाना असतो. तुमचे डबे मी लावले तसेच राहू द्या, महिनाभरात सवय होईल.

आणि त्या कोपऱ्यावरच्या आजींचं त्यांनी अर्धंच लिहिलंय, कारण त्यांना अर्धंच कळलं. "हे कोण" हे आजींनी विचारलं खरं. पण त्यापुढे त्या म्हणाल्या, "हेच का ते गाणारे?" तुमचे भाऊ काच पुसताना गुणगुणतात, वहिनी, आणि ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही. मी नंतर आत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं. मान खाली असल्यामुळे आजींना चेहरा कधी दिसला नाही, पण खिडकीच्या वरच्या झडपेतून गाणं आत येतं, म्हणून महिन्यातल्या त्या दिवशी त्या सकाळपासूनच खुर्ची खिडकीशी ओढून घेतात. हे त्यांना कळवू नका. कळलं तर गप्प होतील.