जवळा निवडता निवडता घेतलेल्या मुलाखती

प्रिय आई,

सासूबाई म्हटलेलं तुम्हाला कधी खपलं नाही, म्हणून आजही आईच.

उद्या माझी मुलाखत आहे. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, स्टोअर विभागात. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधी लिहून काढा, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस सांगतो. म्हणून ओवी शाळेतून यायच्या आत कागद घेऊन बसले. पहिला प्रश्न लिहिला, 'स्वतःबद्दल सांगा.' त्याखाली काही सुचेना आणि हात 'प्रिय आई' लिहून मोकळा झाला. शिवाय आज सकाळी आबांनी एक गोष्ट सांगितलीय. त्याबद्दल तुम्हाला विचारायचंच आहे.

आधी सांगून टाकते, मला रडू येत नाहीये. तुम्ही गेलात तेव्हाही आलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही ना, तसं झालंय सगळं. वन्सं म्हणतात, "वैनी, मोकली हो गं." मी बरं म्हणते आणि चहा टाकते. भाजीत मीठसुद्धा बरोबर पडतं!

त्या सकाळी तुमचा चहा घेऊन आले, दोन हाका मारल्या, आणि तुम्ही उठलाच नाहीत. मी कप परत ओट्यावर नेऊन ठेवला, त्यावर झाकणही ठेवलं. झाकण कशाला ठेवलं असेल मी?

हे मुलाखतीचं खूळ तुमचंच. ओवी पहिलीत गेली आणि तुम्ही जाहीर केलंत, "आता ही नोकरी करंल." मला कोणी विचारलंच नव्हतं! संध्याकाळी करंजाड्याच्या या फ्लॅटच्या बाल्कनीत तुम्ही सुका जवळा निवडायला बसायचात, मला समोर बसवायचात. सोसायटीतल्या बाई वासाची तक्रार घेऊन आल्या तर त्यांच्याच हातात वाटीभर जवळा ठेवायचात. मग माझ्या मोबाइलवरून मी प्रश्न वाचायचा, तो तुम्ही तुमच्या भाषेत मला परत विचारायचा, आणि मी उत्तर द्यायचं.

"तुजी ओलख सांग."

मी पाठ केलेलं सुरू करायचे. मेहनती, जबाबदार, टीममध्ये काम करायला आवडतं वगैरे. तुम्ही ताटातला खडा उचलून बाजूला टाकायचात.

"ही कोन बाय? मी हिला वलखत नाय."

तुमचा सर्वात मोठा दुर्गुण कोणता, याला व्हिडिओत एक छान उत्तर आहे. मी म्हटलं, प्रत्येक काम अगदी परिपूर्ण व्हावं असा माझा हट्ट असतो. तुम्ही इतक्या हसलात की जवळा सांडला. "परवा डाल करपवलीस ती कोनी? खरा सांग." मी चिडले. चिडून म्हटलं, कोणी आवाज चढवला की माझी बोलती बंद होते, खरं असलं तरी बोलता येत नाही. तुमचा हात थांबला. "हां. ह्याच सांग त्यांना."

मधली सहा वर्षं घरी का होतात, या प्रश्नावर तर तुम्हीच भडकलात. "पोर काय आपोआप मोटी झाली? इचारतात काय!" आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, यावर ताटातला जवळा नुसताच इकडून तिकडे सारत राहिलात. मग म्हणालात, "मना कुटं म्हाईत व्हता का, आपल्या अंगनात इमान उतरंल?" गाव विमानतळात गेल्यावर त्याबद्दल तुम्ही बोललेलं मी तेवढंच ऐकलं.

आणि शेवट रोजचा ठरलेला. उत्तरं कितीही चांगली होवोत, तुम्ही ताट झटकायचात, गुडघ्यावर हात देऊन उठायचात आणि म्हणायचात, "नाय. आज नाय देत तुला नोकरी. उद्या ये."

रोज नापास! घरातल्या घरात!

तुमच्या दहाव्याचं सांगते. गाढी नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून बघत होता नुसता. आबांना सांभाळू म्हटलं, ओवीला शिकवू म्हटलं. वन्संनी तर रडत रडत जवळ्याची चटणीही पुढे ठेवली. ऊन चढत चाललं. सगळ्यांचं बोलून संपल्यावर तुमचा मुलगा पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "आई, रुपाली नोकरीला लागंल." आणि कावळा आला की हो! त्याला विचार करायलाही वेळ लागला नाही. सगळा गोतावळा वळून माझ्याकडे बघायला लागला.

आई, हे बरं केलंत का? मुलाखतीला जाईल, एवढ्यावर भागलं नसतं? 'लागेल' म्हणाला हरेश. ते काय माझ्या हातात आहे? त्यानंतर मी अर्ज केले, एका ठिकाणाहून बोलावणं आलं, आणि तयारीला बसले तर तोंडातून शब्द फुटेना. आरशासमोर उभी राहिले, हरेशला प्रश्न विचारायला लावले. माझाच आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा. हरेश बिचारा प्रत्येक उत्तराला "मस्त, मस्त" म्हणतो. उद्या तिथे कोणी जरा चढ्या आवाजात विचारलं तर मी ठोंब्यासारखी बसून राहीन आणि कावळ्याला दिलेला शब्द खोटा पडेल. ही भीती मात्र मला वाटते. बाकी काही नाही वाटलं तरी ही वाटते.

तर आज सकाळी. तुम्ही गेल्यापासून आबा फारसे बोलतच नाहीत, तुमच्या पाटावर बसून असतात. आज त्यांनी जवळ्याचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "बस बाय. तुजी ओलख सांग."

मी हातातलं टाकून बसले. आतल्या खोलीत टीव्ही लावून बसायचे ते, आपल्याला वाटायचं त्यांना ऐकू कमी येतं. सगळं ऐकत होते! सगळे प्रश्न विचारले, तुमच्याच क्रमाने. दुर्गुणाला थांबले, सहा वर्षांच्या प्रश्नाला तुमच्यासारखेच भडकले. आणि मी बोलले, आई. करपलेल्या डाळीसकट बोलले.

ताट संपलं. मी 'उद्या ये'ची वाट बघत होते. शेवटी मीच विचारलं, "मग आबा? उद्या येऊ?"

ते जवळा डब्यात भरत म्हणाले, "तिनी तुला नोकरी कवाच दिली व्हती. पयल्याच आठवड्यात. मना बोलली, तिला सांगू नको. पास झाली तर माज्याजवल बसंल कशाला?"

खरं आहे का हे?

गावात ओट्यावर टेकलात की चार बायका आपोआप यायच्या. इथे सगळ्यांची दारं बंद. हे माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही. पण तुम्ही एकदा नुसतं 'बस गं जरा' म्हणाला असतात, तर मी बसले नसते का? एवढी परीक्षा कशाला? गाल अजून बधिरच आहे, आई. पण दाढ कुठली दुखतेय ते आज कळलं.

उद्या जाते. पाठ केलेलं काही बोलणार नाही. आवाज चढला तर आधी सांगून टाकेन की माझी बोलती बंद होते, जरा थांबा. लागले तर हरेशचा शब्द राहील. नाही लागले तर पुढच्या ठिकाणी जाईन. काहीही झालं तरी संध्याकाळी आबांसमोर ताट घेऊन बसणार आहे. पास झाले तरीही, रोज.

तुमची,
रोज नापास होणारी,
रुपाली